युद्धातले लैंगिक अत्याचार आणि समेट: वाचनालयातल्या चर्चेसाठी मदत हवी

खाडीकाठ (मालवण)
आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात हा विषय आहे. दीड तास, तीसेक माणसं, त्यात बारावीची मुलंमुलीही. तयारीच्या बैठकीतच दोन तट पडले. एक म्हणतो, असल्या गोष्टीनंतर समेट शक्यच नाही. दुसरा म्हणतो, युद्धानंतर त्याच गावात राहायचं तर मिटवावंच लागतं, आपल्या गावकीत बसून मिटवतात तसं. दुसऱ्या म्हणण्याला नेमकं काय उत्तर द्यावं? उदाहरणं कुठली घ्यावीत, आणि मांडताना काय सांभाळावं?

सड्यावरची (रत्नागिरी)
गावकीचा मुद्दा टाळू नका, तिथूनच सुरुवात करा. बांधाचं, वहिवाटीचं, विहिरीच्या पाण्याचं भांडण गावकीत मिटतं, कारण भांडणारे दोघेही समोर बसलेले असतात. अत्याचाराचं प्रकरण तिथे नेलं की बोलतात घरचे पुरुष, आणि जिच्यावर बेतलं ती माजघरात. मिटतं ते दोन घरांचं. तिचं तसंच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये मदनलाल खटल्यात बजावलं की बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न असेल तर तडजोडीचा विचार कुठल्याही परिस्थितीत करता येणार नाही.

सरकारंही तेच करतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने कोरियन स्त्रियांना लैंगिक गुलामीत ठेवलं. किम हाक-सून यांनी 14 ऑगस्ट 1991 रोजी नावानिशी, चेहरा दाखवून ते सांगितलं. डिसेंबर 2015 मध्ये जपान आणि दक्षिण कोरियाने आपसात ठरवून टाकलं: 1 अब्ज येन, आणि विषय कायमचा बंद. हयात असलेल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारलंच नव्हतं. त्यामुळे त्या कराराने प्रश्न मिटला नाही. त्या पैशांतून उभी केलेली संस्था कोरियानेच गुंडाळायला घेतली.

याच्या उलट उदाहरण मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशातल्या सेपुर सार्को या गावाचं. मला वाटतं तुमच्या श्रोत्यांना ते सगळ्यात जवळचं वाटेल, कारण मूळ भांडण जमिनीच्या कागदांचं होतं. 1982 च्या सुमारास, तिथल्या यादवी युद्धात, माया या मूळनिवासी समाजातल्या ज्या पुरुषांनी जमीन नावावर करून मागितली, त्यांना सैनिकांनी उचलून नेलं. मागे राहिलेल्या बायकांना तळावर पाळीने बोलावून जेवण करायला, गणवेश धुवायला लावलं आणि त्यांच्यावर बलात्कार केले. 26 फेब्रुवारी 2016 रोजी त्यांच्याच देशातल्या न्यायालयाने लष्कराशी संबंधित दोघा आरोपींना 120 आणि 240 वर्षांच्या शिक्षा दिल्या. सुनावणीभर त्या बायका रंगीत शाली डोक्यावरून ओढून, चेहरे झाकून बसल्या होत्या. भरपाईत न्यायालयाने गावासाठी दवाखाना, शाळेची सोय आणि जमिनीचा प्रश्न सोडवणं घातलं. भरपाईत काय हवं ते बायकांनीच मांडलं होतं. एका वाडीत पुन्हा राहायचं तर समेटाचा पाया म्हणून एवढं लागतं.

तिठा (सावंतवाडी)
थोडी कायद्याची बाजू. युद्धातल्या बलात्काराला 'शस्त्र' म्हणतात ते उगाच नाही. हेतू त्या बाईपुरता नसतो. कुटुंबाने तिला टाकावं, वस्तीने गाव सोडावं, परत येऊ नये, हा असतो. म्हणून 'अब्रू गेली' हा शब्दप्रयोग चर्चेत कोणालाही करू देऊ नका. हल्लेखोराला नेमकं हेच ठसवायचं असतं.

आफ्रिकेतल्या रवांडात 1994 मध्ये वंशसंहार झाला. त्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या खटल्यात ताबा या गावच्या अकायेसू या नगरप्रमुखावरच्या मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. एका साक्षीदार बाईने बोलताना आपल्या मुलीबद्दल सांगितलं. खंडपीठावरच्या एकमेव स्त्री न्यायाधीश नवी पिल्ले यांनी पुढचे प्रश्न विचारले आणि 1997 मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. 2 सप्टेंबर 1998 च्या निकालाने बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो हे प्रथमच मान्य केलं. त्यांनी विचारलं नसतं तर?

रवांडातली गवतावर भरणारी गाचाचा न्यायालयं (2002 ते 2012) समेटाची म्हणून सांगितली जातात. लुटालूट, घरं जाळणं अशा गुन्ह्यांत त्यांचा उपयोग झाला. बलात्काराचे खटले 2008 नंतर तिथे बंद दाराआड चालले. पण गावात दार बंद झालं की आत कशाचं चाललंय ते सगळ्यांना कळतंच.

खाडीकाठ (मालवण)
मोठीच मदत झाली. आमच्याकडे एक शंका आली: अत्याचार सोसलेल्या बायकांना सरकारने पेन्शन दिली की तो 'मोबदला' वाटत नाही का?

तिठा (सावंतवाडी)
शिक्षा किंवा कबुलीऐवजी दिली तर वाटतो. त्यांच्या जोडीला दिली तर तो हक्क असतो. युरोपातल्या कोसोवोत युद्धात बलात्कार सोसलेल्यांना 2018 पासून महिना 230 युरो मिळू लागले. अर्ज गुप्त राहतो, तरी घरात कळेल या धास्तीने अनेकींनी अर्जच केला नाही. बांगलादेशने 1971 च्या युद्धानंतर अत्याचार सोसलेल्या बायकांना 'बीरांगना' हा मानाचा किताब दिला, पण त्यानेच त्या ओळखू येऊ लागल्या आणि लोक हिणवू लागले. 2015 मध्ये सरकारने त्यांना मुक्तियोद्धा (स्वातंत्र्यसैनिक) म्हणून मान्यता देऊन भत्ता सुरू केला, तोवर कित्येक जणी गेल्या होत्या.

चिंचेखाली (चिपळूण)
मांडणीबद्दल, समुपदेशनाच्या अंगाने. विषय फलकावर आठवडाभर आधी स्पष्ट लिहा, म्हणजे ज्याला नको तो येणार नाही. फोटो नकोत, अत्याचाराची वर्णनं वाचून दाखवू नका. काय केलं यापेक्षा नंतर काय घडलं यावर वेळ द्या. 'कोणाला आपला अनुभव सांगायचाय का?' हे तर चुकूनही नको. तीस माणसांत सोसलेली कोणी असू शकते असं धरूनच चाला. दाराजवळच्या दोन-तीन खुर्च्या मोकळ्या ठेवा, आणि कोणी उठून गेली तर एका बाईने मागोमाग जावं, मात्र प्रश्न विचारू नयेत.

दहा मिनिटं उपचारांना द्या. अत्याचारानंतर 72 तासांच्या आत सुरू केलेल्या आणि 28 दिवस घेतलेल्या गोळ्या एचआयव्हीचा धोका खूप कमी करतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते, पण जितकी लवकर तितकी बरी. आपल्याकडे सरकारी काय, खाजगी काय, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांचा कागद आणा म्हणून परत पाठवता येत नाही. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 14416 (मानसिक आधारासाठीची टेली-मानस) हे दोन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लावा, बाहेर पडताना दिसतील असे.