पीसी सुरूच होत नाहीये, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेला का? (अर्जंट)

मुंगळा: बटण दाबलं की पंखा जरासा हलतो आणि थांबतो. परत दाबलं तर काहीच नाही. मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा तेच. उद्या प्रोजेक्ट द्यायचाय. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. लवकर सांगा.

खटपट्या: एसएमपीएस कितीचा? ग्राफिक्स कार्ड आहे? मदरबोर्डावरचा दिवा लागतो का?

मुंगळा: ४५० वॅट, कॅबिनेटसोबत आलेला. कार्ड नाही. दिवा लागतो.

जुना_कारागीर: एसएमपीएस उघडा आणि आतल्या कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या डब्यांची) डोकी बघा. फुगली असतील तर १०५ डिग्री तापमान झेलणारे टाका, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळीत मिळतात. माझा असाच चालतोय.

रात्रपाळी: नवख्या माणसाला उघडायला काय सांगताय? आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं, प्लग काढल्यावरही टिकून राहतं.

जुना_कारागीर: आम्ही काय क्लास लावून शिकलो का?

चहाबाज: त्यापेक्षा लॅपटॉप घ्या, लाइट गेली तरी काम थांबत नाही. आमच्याकडे दर मंगळवारी जाते.

खटपट्या: दिवा लागतो म्हणजे एसएमपीएसच्या जांभळ्या वायरचे ५ व्होल्ट येताहेत. पंखा हलून थांबतो तेव्हा बहुतेक कुठेतरी शॉर्ट असतो आणि एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. त्याचाच दोष असेल असं नाही. बोर्डातून २४ पिनचा आणि सीपीयूचा, दोन्ही कनेक्टर काढा. एक जुनी हार्डडिस्क लोडला लावा. मागचा स्विच बंद असताना २४ पिनवाल्यातली हिरवी वायर कुठल्याही काळीला यू-पिनने जोडा, मग स्विच लावा. पिवळीवर मीटरने ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत.

मुंगळा: शेजारच्यांचा मीटर आणला. पंखा फिरतोय, पिवळी ११.९, लाल ५.०५. बोर्डाला जोडलं की परत बंद!

रात्रपाळी: रॅम काढून बघितली का?

मुंगळा: काढली, तेच. रविवारी नवीन कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवला तेव्हापासूनच आहे हे.

खटपट्या: अहो, हे आधी सांगायचं ना! बोर्ड काढा. खाली पितळी स्टड, म्हणजे बोर्ड टेकवायचे छोटे खांब असतात. ज्या स्टडच्या वर बोर्डाला भोक नाही तो मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो. तो काढून टाका आणि बोर्ड आधी पुठ्ठ्यावर ठेवूनच चालू करून बघा.

जुना_कारागीर: तरी कपॅसिटर बघाच.