स्टेट पेन्शन घ्यायचं कधी, भारतात परतायचं कधी

प्रेषक: अनघा, स्लाव

नमस्कार मंडळी,

साठीच्या आसपास पोचलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचे प्रश्न तेच तेच आहेत, म्हणून एकदाच सगळ्यांसमोर मांडते. भारतात कायमचं परतायचं असेल तर स्टेट पेन्शन (ब्रिटनचं सरकारी पेन्शन) सुरू होईपर्यंत इथे थांबावं का? पत्नीची नॅशनल इन्शुरन्सची (एनआय, म्हणजे ज्यावर हे पेन्शन ठरतं त्या सरकारी योगदानाची) वर्षं कमी भरत असतील तर पैसे भरून ती विकत घ्यावीत का? आणि कंपनीच्या पेन्शनमधले २५ टक्के कधी काढावेत? जाणकारांनी आकड्यांसह लिहावं ही विनंती.

अनघा

*

प्रेषक: माधव, हॅरो

अनघाताई,

आधी स्टेट पेन्शनचं वय. ६ एप्रिल १९६० ते ५ मार्च १९६१ या काळात जन्मलेल्यांना ६६ वर्षं आणि वर काही महिने. ६ मार्च १९६१ ते ५ एप्रिल १९७७ मध्ये जन्मलेल्यांना ६७, त्यानंतरच्या एका वर्षात जन्मलेल्यांना ६७ आणि ६८ च्या मध्ये. आत्ताच्या कायद्याप्रमाणे ६ एप्रिल १९७८ पासून जन्मलेल्यांना ६८.

रक्कम: २०२६-२७ मध्ये पूर्ण नवं स्टेट पेन्शन आठवड्याला २४१.३० पौंड. त्यासाठी एनआयची ३५ पात्र वर्षं लागतात आणि किमान १० वर्षं नसतील तर एक पेनीही मिळत नाही. भारतात पीएफ भरलेली वर्षं या दहात धरली जात नाहीत. पण "माझी ३५ भरली, मी सुटलो" असं समजू नका. २०१६ च्या आधी ज्यांच्या कंपनीची पेन्शन योजना 'कॉन्ट्रॅक्टेड आउट' होती, त्यांनी त्या काळात कमी दराने एनआय भरलेलं असतं. त्यांचा हिशेब एप्रिल २०१६ च्या सुरुवातीच्या रकमेपासून होतो आणि पूर्ण पेन्शनला ३५ पेक्षा जास्त वर्षं लागू शकतात. म्हणून सगळ्यात आधी सरकारी संकेतस्थळावर आपला स्टेट पेन्शन फोरकास्ट (किती पेन्शन मिळेल याचा अंदाज) काढा. तो न बघता केलेलं कुठलंही गणित फोल आहे.

आता मुख्य मुद्दा. भारतात राहायला गेलेल्यांचं स्टेट पेन्शन गोठतं. इथे राहणाऱ्यांना दर एप्रिलमध्ये महागाई, सरासरी पगारवाढ किंवा २.५ टक्के यांतलं जे जास्त असेल ते मिळतं. युरोपात, अमेरिकेत, अगदी मॉरिशसला गेलेल्यांनाही वाढ मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नाही, कारण त्या वाढीची सोय करणारा करार या देशांशी नाही. या भेदभावाविरुद्धचा खटला थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठापर्यंत गेला आणि २०१० मध्ये पेन्शनर हरले. तेव्हा "पुढेमागे सुटेल" या आशेवर आयुष्याची आखणी करू नका.

६७ व्या वर्षी २४१.३० पौंडांवर पुण्याला गेलेल्या माणसाला ८७ व्या वर्षीही २४१.३० च मिळतील. तोच इथे राहिला असता तर वाढीची नुसती किमान २.५ टक्क्यांची पायरी धरली तरी वीस वर्षांनी आकडा साधारण ३९५ पौंड होतो. रुपया घसरला की गोठलेले पौंड थोडे फुगतात खरे, पण भारतातली औषधपाण्याची महागाई ते खाऊन टाकते.

पेन्शन पुढे ढकलण्याबद्दल इथे फार गैरसमज आहे. ढकललेल्या दर ९ आठवड्यांना १ टक्का वाढ मिळते, म्हणजे पूर्ण वर्षाला जवळपास ५.८ टक्के. पण तुम्ही भारतात राहून पेन्शन ढकललंत तर ही वाढ ज्या मूळ रकमेवर मोजतात ती पेन्शनचं वय झालं त्या दिवसाची किंवा देश सोडला त्या दिवसाची, यातली नंतरची. मधल्या एप्रिलमधल्या वाढी त्यात येत नाहीत. म्हणजे ढकलायचंच असेल तर इथे राहून ढकला. आणि मुक्काम हलवायची तारीख हातात असेल तर मार्चऐवजी एप्रिलची वाढ लागू झाल्यावर हलवा. दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने जन्मभराची रक्कम बदलते.

इथे परत राहायला आलात तर पेन्शन त्या वेळच्या दरावर येतं.

माधव

*

प्रेषक: शिरीष, मिल्टन कीन्स

माधवराव, माहिती चोख आहे, पण त्यातून माझा निष्कर्ष उलटा निघतो. जे पेन्शन गोठणारच आहे त्याची वर्षं विकत कशाला घ्यायची? तेच पैसे आयसामध्ये (ब्रिटनमधलं करमुक्त बचत खातं) टाकले तर निदान वाढतील तरी, आणि माणूस लवकर गेला तर वारसांना मिळतील. नवं स्टेट पेन्शन जोडीदाराला जवळपास मिळतच नाही.

शिरीष

*

प्रेषक: वैशाली, रेडिंग

शिरीष, वारसाचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि माझ्या मते म्हणूनच पत्नीची स्वतःची वर्षं भरायला हवीत. नवऱ्यामागे तिला त्याच्या नव्या स्टेट पेन्शनचा आधार धरता येत नाही.

आकडे बघा. ऐच्छिक तिसऱ्या वर्गाच्या (क्लास ३) एनआयचा २०२६-२७ चा दर आठवड्याला १८.४० पौंड, म्हणजे अख्ख्या वर्षाचे ९५६.८०. एका वर्षाने पेन्शनमध्ये २४१.३० चा ३५ वा भाग, म्हणजे आठवड्याला ६.८९ पौंड वाढतात. वर्षाला साधारण ३५८. कर बाजूला ठेवला तर पावणेतीन वर्षांत पैसे वसूल, आणि गोठलेलं पेन्शन धरूनच हा हिशेब आहे. आयसामध्ये अशी वसुली खात्रीने कोण देणार?

आणि आता आपल्याकडे फार घरांत दिसणारं उदाहरण. डिपेंडंट व्हिसावर आलेली पत्नी, मुलं लहान असताना घरी, नंतर अर्धवेळ नोकरी. खात्यावर ९ वर्षं. ९ वर्षांना शून्य मिळतं. दहावं वर्ष भरलं की आठवड्याला ६८.९४ पौंड, वर्षाला साडेतीन हजारांवर, मरेपर्यंत. जेमतेम हजार पौंडांत. असं दहाव्या वर्षावर अडलेलं खातं घरात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते पूर्ण करा.

मात्र पैसे भरायच्या आधी फ्यूचर पेन्शन सेंटरला फोन करून विचारा की नेमकं कुठलं वर्ष भरल्याने किती पेन्शन वाढेल. काही वर्षं भरूनही आकडा हलत नाही. एचएमआरसी (ब्रिटनचं कर खातं) पैसे मुकाट घेते आणि नंतर परत मिळवणं जिकिरीचं होतं. भरताना १८ अंकी संदर्भ क्रमांक घ्या आणि पैसे कुठल्या वर्षाला लावायचे ते स्पष्ट करून घ्या. साधारणपणे मागच्या सहा वर्षांपर्यंतची राहून गेलेली वर्षं भरता येतात. २०२०-२१ ची मुदत ५ एप्रिल २०२७ ला संपते.

जे आधीच भारतात गेलेत त्यांच्यासाठी नियम कडक झाले आहेत. परदेशातून दुसऱ्या वर्गाने, आठवड्याला साडेतीन पौंडांत, वर्षं भरायची सोय ६ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना बंद झाली. आता तिसरा वर्गच, आणि नव्याने अर्ज करणाऱ्याने आधी ब्रिटनमध्ये सलग १० वर्षं राहिलेलं किंवा १० वर्षांचं योगदान भरलेलं असावं लागतं. अर्ज सीएफ८३. तीन-चार वर्षं ऑनसाइट राहून परतलेल्यांची वाट आता जवळपास बंद आहे.

पैसे न भरता वर्षं मिळायचे दोन मार्ग राहून जातात. नवऱ्याचा पगार ६०,००० पौंडांवर आहे म्हणून चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) अर्जच न करणारी घरं आहेत. पैसे नकोत अशी खूण करून अर्ज आईच्या नावाने जरूर भरा. मूल १२ वर्षांचं होईपर्यंत तिला एनआय क्रेडिट मिळतं. दुसरा मार्ग आजी-आजोबांचा. सून नोकरीवर परतली, तिचं वर्ष पगारातूनच भरतंय, आणि नातवंड आजी सांभाळते आहे. तर सुनेचं ते क्रेडिट आजीच्या नावावर करता येतं. अर्ज सीए९१७६, सही आजीची आणि चाइल्ड बेनिफिट ज्याच्या नावावर आहे त्याची. मूल १२ वर्षांखालचं, आजीचं पेन्शनचं वय व्हायचं बाकी, आणि ती इथली रहिवासी हवी. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेल्या आईला हे लागू नाही. एका चाइल्ड बेनिफिटमागे एकच क्रेडिट, म्हणून दोन नातवंडांवर आजी आणि आजोबा दोघांनाही मिळेल असं धरू नका. कर-वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३१ ऑक्टोबरनंतर अर्ज करायचा. २०११ पासूनची मागची वर्षंही मागता येतात.

वैशाली

*

प्रेषक: समीर, वॉटफर्ड

अनघाताईंचा तिसरा प्रश्न राहिला. खाजगी आणि कंपनीच्या पेन्शनला हात लावायचं वय सध्या ५५, ६ एप्रिल २०२८ पासून ५७. साधारणपणे चौथा हिस्सा करमुक्त, सगळ्या पेन्शनी मिळून कमाल २,६८,२७५ पौंड.

ही करमाफी ब्रिटनच्या कायद्यातली आहे. भारताचे पूर्ण करनिवासी झाल्यावर ती रक्कम काढलीत तर ती तिथे आपोआप करमुक्त ठरत नाही. म्हणून २५ टक्के काढायचे असतील तर निघायच्या आधी, किंवा फार तर भारतातल्या आरएनओआर ('निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' हा करदर्जा) काळात काढा. आधीच्या दहापैकी नऊ आर्थिक वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवस किंवा कमी राहिला असाल, तर हा दर्जा मिळतो. परतणाऱ्या बहुतेकांना तो दोन-तीन वर्षं टिकतो. दरवर्षी दोन-दोन महिने पुण्यात घालवणाऱ्यांनी पासपोर्टवरचे शिक्के मोजूनच ठरवावं.

उरलेले ७५ टक्के एकदम काढू नका. पहिल्याच वेळी मोठी रक्कम काढली की आणीबाणीचा टॅक्स कोड लागतो आणि ती रक्कम जणू दर महिन्याला मिळणार आहे असं धरून कर कापतात. वीस हजार करपात्र पौंड काढले तर सात हजारांहून जास्त कापले जातात. परत मिळतात, पण पैशाचा काही भागच काढला असेल तर पी५५, सगळं खातं रिकामं केलं आणि दुसरं उत्पन्न असेल तर पी५३झेड, नसेल तर पी५०झेड, असे वेगळे अर्ज आहेत. त्यापेक्षा आधी शंभर पौंड काढा, योग्य कोड येऊ द्या, मग मोठी रक्कम काढा. अजून नोकरी चालू असेल तर तेही करू नका: करपात्र भागातलं पहिलं पौंड काढलं की पुढे डीसी पेन्शनमध्ये (भरलेल्या पैशांचं खातं साठत जाणारं पेन्शन) भरायची वार्षिक मर्यादा ६०,००० वरून १०,००० वर येते.

भारतात स्थिरावल्यावर दोन कागद महत्त्वाचे. भारताच्या आयकर खात्याकडून कर-निवासाचा दाखला घेऊन एचएमआरसीला 'डीटी-इंडिव्हिज्युअल' अर्ज पाठवा, म्हणजे एनटी ('कर कापू नका' सांगणारा) कोड मिळून इथे खाजगी पेन्शनवर कर कापला जात नाही आणि तो भारतात भरायचा. दुसरं, भारतात पूर्ण निवासी झालात की पेन्शन खात्यातली नुसती वाढसुद्धा दरवर्षी करपात्र धरली जाऊ शकते. कर काढतानाच लागावा यासाठी कलम ८९अ खाली फॉर्म १०-ईई भरायची सोय झाली, आणि त्यात ब्रिटन आहे. १ एप्रिल २०२६ पासून भारतात नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला चालू क्रमांक विचारा. रिटर्नच्या मुदतीच्या आत भरा. हा पर्याय एकदा घेतला की मागे घेता येत नाही. आयसाला मात्र असं कुठलंच संरक्षण नाही. शिरीषराव, तुमच्या तुलनेत हेही धरा: तिथलं व्याज आणि डिव्हिडंड भारतात पूर्ण करपात्र होतात.

निघायच्या आधी पेन्शन कंपनीला लेखी विचारा: पत्ता भारताचा झाल्यावर ड्रॉडाउन (पेन्शन खात्यातून लागतील तसे पैसे काढणं) चालू ठेवाल का, आणि पैसे कुठल्या खात्यात पाठवाल? काही कंपन्या परदेशी पत्त्यावर नवं ड्रॉडाउन उघडतच नाहीत. त्यामुळे ते इथे असतानाच उघडून घ्यावं. "पेन्शन परदेशी योजनेत हलवून देतो" म्हणत फोन करणाऱ्यांपासून लांब राहा. नियमात न बसणाऱ्या हस्तांतरावर २५ टक्के किंवा त्याहूनही जास्त कर आहे, शिवाय त्यांची फी वेगळी.

समीर

*

प्रेषक: अनघा, स्लाव

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनच गोष्टी आणखी: तब्येतीची सोय, आणि भारतातून अर्ज कसा करायचा?

*

प्रेषक: वैशाली, रेडिंग

कायमचं गेल्यावर एनएचएसचे (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) मोफत उपचार संपतात. स्टेट पेन्शन चालू असलं तरी भारतापुरती त्याला पर्यायी सोय नाही. भारतातली आरोग्य पॉलिसी मात्र आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. म्हणून परतायच्या तीन वर्षं आधी ती घ्या आणि इथे राहूनच हप्ते भरत राहा, म्हणजे उतरताल तेव्हा ती थांबण्याची मुदत संपलेली असेल. मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं अर्जात लिहा. लपवलेल्या आजारावरूनच दावे नाकारले जातात.

वैशाली

*

प्रेषक: माधव, हॅरो

स्टेट पेन्शन आपोआप सुरू होत नाही, मागावं लागतं. वय व्हायच्या चार महिने आधीपासून इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला फोन करता येतो किंवा त्यांचा अर्ज भरून पाठवता येतो. एनआय नंबर, ब्रिटनमधल्या नोकऱ्यांच्या आणि पत्त्यांच्या तारखा, लग्नाची तारीख हाताशी ठेवा. उशीर झालाच तर मागची थकबाकी जास्तीत जास्त १२ महिन्यांची मिळते.

पैसे दर ४ किंवा १३ आठवड्यांनी येतात, इथल्या खात्यात पौंडांत किंवा भारतातल्या खात्यात रुपयांत. इथलं खातं चालू ठेवणार असाल तर भारताच्या पत्त्यावर ते चालू राहील का हे बँकेकडून आधीच लेखी घ्या.

आणि घरातल्या तरुण माणसाला एक काम नेमून द्या. अधूनमधून टपालाने हयातीचा दाखला येतो. तो साक्षीदाराच्या सहीसह १६ आठवड्यांत परत पोचला नाही तर पेन्शन थांबू शकतं. पत्र सोसायटीच्या पेटीत पडून राहिलं किंवा पत्ता बदललेला कळवला नाही, की हयात माणसाचेही पैसे अडकतात. सही केलेल्या दाखल्याचा फोटो काढून ठेवा, मूळ प्रत नोंद होणाऱ्या टपालानेच पाठवा, आणि महिन्याभराने फोन करून ती पोचल्याची खात्री करा.

माधव