मदत हवी आहे : चवथीचे गोडधोड आणि खालची डावी दाढ

कुळागर
चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आहे आणि घरात नेवऱ्या, लाडू व खाज्यांचे डबे भरू लागले आहेत. अडचण अशी की गोड तोंडात टाकले की खालच्या डाव्या दाढेत सळक जाते. डॉक्टरांनी दिलेली पुढची वेळ चवथीनंतरची आहे. वाड्यावर घरोघरी आरत्यांना जावे लागते, प्रत्येक घरी हातावर काहीतरी ठेवले जाते आणि ते नाकारणे आमच्याकडे बरे दिसत नाही. तेव्हा काय चालेल आणि काय टाळावे, एवढेच नेमके सांगावे. ‘गोड खाऊच नका’ हा सल्ला सौभाग्यवतींनी आधीच देऊन झालेला आहे.

मांडवीतीर
नेमके सांगण्यासाठी नेमकी माहिती हवी. सळक क्षणभरात थांबते की काही मिनिटे ठणकत राहते? गार पाण्यानेही होते का? रात्री झोपमोड होते का? आणि डॉक्टरांची ती पुढची वेळ कशासाठी आहे?

गावठी गूळ
एवढ्या चौकशीची गरज नाही. दोष साखरेचा आहे. पातोळ्या आणि मोदक गुळाचे असतात, ते निःशंकपणे खावेत. आमच्या आजोबांनी शेवटपर्यंत रोज गूळ-खोबरे खाल्ले आणि त्यांचे दात शाबूत होते. रोज सकाळी तिळाच्या तेलाची गुळणी धरावी, म्हणजे कॅप वगैरे प्रकारांची वेळच येत नाही.

शिरोड्याचा वाटसरू
गुळाविषयीचा हा समज मी प्रत्येक सणाला ऐकतो. गुळातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे नेहमीची साखरच असते, आणि दातांवरच्या थरातील जंतू ते साखरेचे आहे की गुळाचे याची चौकशी करत नाहीत. ते त्याचे आम्ल करतात, काही मिनिटांतच दाताच्या पृष्ठभागावरील सामू (pH, आम्लतेचे माप) ५.५ च्या खाली उतरतो आणि दाताच्या वरच्या कठीण थरातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते, पण त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे जेवणाच्या पानावर दोन पातोळ्या एकदम खाणे परवडते. पण दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत दहा घरी लाडवाचा एकेक तुकडा खाल्ला, तर लाळेला उसंतच मिळत नाही. स्वीडनमधील विपेहोल्म येथील संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून हेच तपासले गेले आणि १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो प्रयोग नीतीच्या दृष्टीने लज्जास्पद होता, पण जेवणाव्यतिरिक्त मधे मधे खाल्लेले चिकट गोड सर्वांत घातक, हे त्यातून स्पष्ट झाले.

गावठी गूळ
स्वीडनमध्ये पातोळ्या करत नाहीत. हळदीच्या पानात वाफवलेला पदार्थ आणि टॉफी यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही.

शिरोड्याचा वाटसरू
पातोळी मऊ असते आणि दाताला टॉफीसारखी चिकटून बसत नाही, इतपत आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र त्याचे श्रेय गुळाला जात नाही.

दोन पिल्लांची आई
सणात लहान मुलांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. तीन वर्षांखालील मुलांच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. आरत्या आटोपून मुले गाडीतच झोपी जातात आणि तोंडातला लाडू रात्रभर तसाच राहतो. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे कितीही उशीर झाला तरी त्यांना उठवून दात घासायला लावावेत. दुधाचे दात पडणारच आहेत, असे म्हणणाऱ्या आजीशी वाद घालण्याची तयारी ठेवावी.

कुळागर
माझी मुले कॉलेजात आहेत आणि प्रश्न माझ्या दाढेचा आहे. मांडवीतीर यांच्यासाठी : सळक लगेच थांबते, गार पाण्यानेही होते, झोप शांत लागते. गेल्या महिन्यात त्या बाजूला रूट कॅनाल झाले, सध्या तात्पुरती कॅप आहे आणि पक्की कॅप चवथीनंतर बसायची आहे. दाढ दुखते म्हटल्यावर हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. आता तरी खाज्यांविषयी कोणी सांगेल का?

डिचोलीचा बाजार
प्रत्येक घरून बाहेर पडताना साखरविरहित च्युइंगम चघळावे. लाळ भरपूर सुटते आणि तोंड लवकर पूर्ववत होते. मी नेहमी हेच करतो.

मांडवीतीर
कृपया हे करू नका. तात्पुरती कॅप मुद्दाम कच्च्या सिमेंटने बसवलेली असते, जेणेकरून डॉक्टरांना ती काढता यावी. च्युइंगम ती सहज ओढून काढील.

पण खरा मुद्दा दुसराच आहे. रूट कॅनालमध्ये दाताची नस काढून टाकतात, त्यामुळे त्या दाढेला गोडाची किंवा गार पाण्याची सळक जाणवायला नको. चावताना ती दुखू शकते, परंतु आपले वर्णन तसे नाही. त्यामुळे शेजारच्या दाढेला कीड लागली असण्याचा किंवा तिची हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असण्याचा संभव अधिक वाटतो. पक्क्या कॅपची वेळ चवथीनंतरच राहू द्या, पण दवाखान्यात फोन करून ‘शेजारच्या दाढेत नवी तक्रार आहे’ असे स्पष्ट सांगा. तेथे जमले नाही तर सुट्ट्या लागण्यापूर्वी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवून या. दोन दाढांच्या फटीत काही अडकले, तर फ्लॉस वर न ओढता बाजूने सरकवून बाहेर काढावा, नाहीतर कॅप त्याच्याबरोबर येईल.

साष्टीचा शेजारी
नाताळच्या ताटातील दोदोलानेही हेच होते. माडाचा गूळ आणि नारळाचा रस आटवून केलेला तो पदार्थ मऊ म्हणून लोक निर्धास्तपणे खातात, आणि दुसऱ्या दिवशी कॅप रुमालात गुंडाळून दवाखान्यात जातात. कॅप निघालीच तर जपून ठेवावी आणि घरातील कोणत्याही गोंदाने चिकटवू नये.

कुळागर
फोन केला. उद्या सकाळी एक्स-रे काढायला बोलावले आहे. खाज्यांचे उत्तर मात्र अजूनही मिळालेले नाही.

मांडवीतीर
खाजे नको. आत बेसनाची कडक कांडी आणि वरून गुळाचा पाक, म्हणजे कॅपला दोन्हीकडून धोका. पातोळ्या आणि मोदक जेवणाबरोबरच, उजव्या बाजूने खावेत आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी. जेवणात सोलकढी घेतली असेल तर ती आंबट असल्याने अर्धा तास ब्रश करू नये. आरतीच्या घरी मिळालेला लाडू कागदात गुंडाळून घरी न्यावा, त्याला कोणी हरकत घेत नाही.

गावठी गूळ
खाजे दुधात भिजवले तर?