मदत हवी आहे : इतिहासाच्या वर्गासाठी सगळ्यांना वाचता येईल असं साहित्य

नमस्कार मंडळी. मी नाशिकला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकवते. वर्गात शहरातली मुलं आहेत, तशीच सुरगाणा, पेठकडची कोकणा बोली बोलणारीही.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम काही मला बदलता येत नाही. संदर्भ कोणते द्यायचे, प्रकल्पाला विषय कोणते, एवढंच हातात. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह घ्या. २ मार्च १९३० ला इथे पंचवटीत सुरू झाला, त्याचे एक नेते दादासाहेब गायकवाड तर दिंडोरी तालुक्यातलेच. तरी मुलं तारीख आणि नेत्यांची नावं पाठ करून मोकळी होतात. सत्याग्रहात उतरलेल्या बायकांबद्दल मराठीत काय वाचायला द्यावं? आणि आदिवासी भागातल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं प्रकल्पात आणलं, तर त्याला गुण कशाच्या आधारे द्यायचे? ‘संदर्भग्रंथ नाही’ म्हणून कापणं मला पटत नाही.

दुसरी अडचण जास्त तातडीची. एका विद्यार्थिनीला दिसत नाही. आमच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सचे स्कॅन. स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लेखी तो नुसता फोटो. ज्या टाइप केलेल्या आहेत, त्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे कानावर निव्वळ अगम्य अक्षरं. परीक्षेला लेखनिक मिळतो, पण वर्षभर तिनं वाचायचं काय?

जुन्या फॉन्टचं युनिकोड (कुठल्याही संगणकावर नीट वाचता येणारी अक्षरं) करताना जोडाक्षरं न बिघडवणारं, शक्यतो फुकट, काही वापरलंय का कुणी? मराठी स्कॅनसाठी ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर) कोणतं बरं? ‘ऑडिओ रेकॉर्ड करून द्या’ हे सुचवू नका, ते चालूच आहे; तिला स्वतः मागेपुढे जाऊन वाचायचंय.