पूरनिधी: पैसे कोणत्या खात्यात पाठवायचे?

मंडळी,
मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी कोजागिरीला इथं परदेशात आपल्या मंडळाकडे जमलेले पैसे अजून आपल्याच खात्यात आहेत. काल तिकडं मदत करणाऱ्या संस्थेचा भूमहून फोन आला. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलीय, बियाणं आत्ता हवंय. पण त्यांनी कळवलेलं खातं गावातल्या बँकेचं आहे. परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीपासून बाहेरून आलेली देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जमा व्हावी लागते. म्हणून थांबलोय.
– खजिनदार

आमचा पासपोर्ट भारतीयच आहे की! भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. अडलंय कुठं?
– परभणीकर

तुम्ही स्वतः पाठवला तर. मंडळाची नोंदणी इथली आहे, त्यामुळे मंडळाच्या खात्यातून गेलेला पैसा परदेशीच. शिवाय ओसीआयवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले लोक आहेत, त्यांचाही परदेशीच.
– खजिनदार

मग पुण्याच्या एखाद्या मोठ्या संस्थेला द्या, ते पुढं देतील. इतका घोळ कशाला? तिकडं लोक उघड्यावर बसलेत आणि आपण खाती मोजू लालोत.
– उदगीरकर काकू

काकू, तेही २०२० पासून बंद आहे. परदेशी देणगी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही.
– खजिनदार

खात्याचं ठरेल तेव्हा ठरेल, पण पैसे कुणाला द्यायचे ते तरी बोलूया. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारनं २०२५च्या पुरानंतर हेक्टरी ४७,००० रुपये जाहीर केले, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. बटाईनं करणाऱ्याचं बियाणं, खत, सगळं वाहून गेलं, त्याच्या हातात काही नाही. नवरा गेलेल्या बाईचं नाव चढलेलं नसतं, तिचंही तेच. आणि पूर ओसरला की दारात ऊसतोडीचा मुकादम येतो. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की नवरा-बायको, जोडीचा एक कोयता म्हणून, साखर कारखान्यावर ऊस तोडायला. माझे आई-वडील सहा हंगाम गेले. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. एका हंगामात गावातल्या एका संस्थेनं पोरांची राहायची-जेवायची सोय केली म्हणून माझी चौथी बुडाली नाही. दोन वेळची भाजी-भाकरी, एवढंच होतं ते. बियाण्याची पिशवी वेळेवर मिळाली तर एखादं घर तरी उचल घेणार नाही. ब्लँकेटं आता पुरे.
– बीडकर ताई

२०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हाचं मदतीचं काम आमच्या समितीनं सांभाळलं होतं. कुटुंबांची यादी तयार आहे. दुसऱ्या कुणी नवी काढू नये.
– लातूर समिती

तुमची यादी सातबाऱ्यांवरूनच केलेली होती, मीच टाईप केली होती. ताई म्हणतात ते बटाईदार तिच्यात एकही नाही. यादी गावातल्या कार्यकर्त्यांना करू द्या, कुणाची चूल बंद आहे ते त्यांना घरोघर ठाऊक असतं.
– परभणीकर

यादीचं काम त्यांना दिलं, पण आम्हाला विचारून बदला.
– लातूर समिती

असं करतो. भारतीय पासपोर्टवाल्यांची रक्कम उद्या परत करतो, त्यांनी स्वतःच्या खात्यातून थेट संस्थेला पाठवावी, सोबत पासपोर्टची प्रत द्यावी. बियाणं त्यातून होईल. ओसीआयवाल्यांची रक्कम मंडळाकडेच राहील. संस्थेचं दिल्लीत खातं आहे का, ते शनिवारी विचारतो.
– खजिनदार

ताई, तुमचं गाव शिरूर कासारकडचं का? माझी आत्या तिकडंच दिलीय.
– उदगीरकर काकू