सेंट जर्मेनचा रिमिक्सवाला अल्बम: नुसतं ठोका वाढवणं आहे की अजून काही? आणि भजनाच्या रेकॉर्डिंगवर असं करता येईल का?

देवगड_कीज

नमस्कार मंडळी. सेंट जर्मेन, म्हणजे तो जॅझ आणि डान्सची बीट एकत्र करणारा फ्रान्सचा लुडोविक नावार, त्याचा टूरिस्ट अल्बम इथे बऱ्याच जणांना माहीत असेल, २००० साली ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीकडून आलेला. त्याच अल्बमची २० वर्षं झाली म्हणून २०२१ मध्ये ट्रॅव्हल व्हर्जन्स नावाने रिमिक्सचा संग्रह आला, शिकागोचा रॉन ट्रेंट, दक्षिण आफ्रिकेचे ब्लॅक मोशन असे वेगवेगळ्या ठिकाणचे लोक आहेत त्यात आणि एकच गाणं वेगवेगळ्या लोकांनी केलेलंही आहे. सध्या माझ्याकडे तेच चालू असतं. मी आमच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, ग्रूपमध्ये ऐकवलं तर पोरं म्हणाली की जुनाच माल नवीन पिशवीत, खाली किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, वाढवली की झाला रिमिक्स. मला ते मुळीच पटलं नाही, कारण काही व्हर्जनमध्ये मूळ गाण्यात कधी कानावर न आलेल्या गोष्टी ऐकू येतात, पण वाद घालताना मला नीट मुद्दा मांडता येईना.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे असे संग्रह ऐकायचे कसे, रिमिक्स आणि नव्याने वाजवलेलं यात फरक काय धरायचा? आणि दुसरं, आमच्या बुवांच्या डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचं, एक चांगलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, मी त्यात कोरसला आहे, अभंग, गवळण, गजर सगळं आहे, त्यावर असं काही करायची फार इच्छा आहे. पण ते डीजेवाल्यांचं भजन रिमिक्स असतं तसं मला नकोय. कोणी केलंय का?

रत्नांग्रीकर७८

फरक सांगायला त्याच अल्बममधलं रोज रूज हे गाणं घे, याच्याएवढं सोपं उदाहरण दुसरं नाही. त्यात तो जो झांजेसारखा सळसळत जाणारा ड्रम आहे ना, तो डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटच्या १९५९ च्या टेक फाइव्हमधून घेतलेला, जो मो‌रेलोने वाजवलेला. मूळ टेक फाइव्ह पाच मात्रांचं आणि रोज रूज चालतं चारात. वर जी बाई परत परत एकच ओळ म्हणते ती मार्लीना शॉ, तो आवाज तिच्या १९७३ च्या माँत्र्योच्या लाइव्ह कार्यक्रमातला. या दोन जुन्या तुकड्यांवर नावारने स्टुडिओत माणसं बसवून ट्रम्पेट आणि सॅक्स वाजवून घेतलेत, ट्रम्पेट पास्काल ओसेचा आणि सॅक्स एदुआर लाबोरचा. म्हणजे २००० चं "मूळ" गाणंच आधी जुन्या दोन रेकॉर्डिंगवर उभं आहे.

आता २०२१ चे रिमिक्स या मूळ रेकॉर्डिंगचेच भाग घेऊन केलेत, आवाज तोच, फुंक तीच, मांडणी दुसऱ्याची. आणि २०२० मध्ये ब्लू नोट रीइमॅजिन्ड नावाचा संग्रह आला त्यात इंग्लंडच्या जोर्जा स्मिथने रोज रूज चक्क स्वतः गायलंय, म्हणजे जे सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून कापून घेतलेला तुकडा) होतं तेच तिने गाणं म्हणून घेतलं. हे नव्याने वाजवणं. पहिल्यात रेकॉर्डिंग तेच राहतं, दुसऱ्यात फक्त चाल आणि शब्द पुढे जातात. तुझ्या ग्रूपला ही तिन्ही लागोपाठ ऐकव, वाद घालावा लागणारच नाही.

ऐकताना एकच वाद्य धरायचं. मी ट्रम्पेट धरतो. रिमिक्समध्ये तो पहिल्यांदा कधी येतो, सुरांची पूर्ण ओळ येते की नुसती शेपटी कापून ठेवलीय, त्याच्या मागची स्टुडिओची हवा ठेवलीय की घासून काढलीय, एवढं बघितलं तरी रिमिक्स करणाऱ्याने गाणं ऐकलंय की नुसतं वापरलंय ते लगेच कळतं. ज्या व्हर्जनमध्ये फक्त किक मोठी झालीय त्यांच्या बाबतीत तुझी पोरं बरोबरच बोलतायत, सगळे रिमिक्स चांगले असतात असं मुळीच नाही.

वेंगुर्ला_बंदर

माझा मत जरा येगळा आसा. जॅझ म्हणजे एकान बोलूचा आणि दुसऱ्यान थयच्या थय उत्तर देवचा. सोलो वाजवणारो वाजवता तेव्हा ड्रमवालो तेका धरून जाता, खंय सोडता, खंय अडवता. रिमिक्सवालो काय करता, तो ड्रम काढून टाकता आणि मशीनचो ठोको घालता, मगे ता ट्रम्पेट उत्तर कोणाक देता?

डबलबारीत पण तेच बघा की. बुवा आलाप घेऊन समेवर येतात तेव्हा पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघत असतो, बुवांनी मान हलवली की तो तुकडा टाकतो. ती मान हलवणं रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही पण ऐकू येतं. तू पखवाज काढून ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) घातलास तर बुवांचा आवाज एकटा पडेल आणि मग कितीही गोड लावलास तरी ते भजन उरणार नाही. माका ह्याची मनापासून काळजी वाटता म्हणान लिवतंय, राग मानू नको.

चिपळूण_साउंड

वेंगुर्ल्याचा मुद्दा एकदम रास्त आहे पण अर्धाच आहे. मी लाइव्ह साउंड करतो, त्यामुळे ही देवाणघेवाण किती महत्त्वाची ते रोज बघतो. पण जॅझमध्ये कापाकापी ही काही डीजे लोकांनी आणलेली गोष्ट नाही. जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचा इन अ सायलेंट वे अल्बम, १९६९ चा, त्याची दुसरी बाजू घ्या. सुरुवातीचा जो शांत भाग आहे, चारेक मिनिटांचा, तोच शेवटी परत येतो, आणि तो परत वाजवलेला नाहीये, निर्माता टिओ मॅसेरोने टेप कापून तोच तुकडा शेवटी जोडलाय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं बँड फिरून घरी आला. म्हणजे उत्तर देणारा फक्त ड्रमर नसतो, कात्री धरलेला माणूसपण उत्तर देऊ शकतो, फक्त त्याने तेवढं लक्ष देऊन ऐकलेलं असलं पाहिजे. नंतर १९९८ मध्ये बिल लॅस्वेल या निर्मात्याने माइल्सच्या १९६९ ते १९७४ च्या टेप घेऊन पँथालासा हा अल्बम केला, आणि पुढच्या वर्षी त्या पँथालासाचेही रिमिक्स आले. ही साखळी जुनी आहे.

अजून एक नाव सुचवतो, नॉर्वेचा ट्रम्पेटवाला निल्स पेटर मोल्वेर. तो वाढला सुला नावाच्या बेटावर, तिथल्या पश्चिम किनाऱ्याला, आपल्यासारखाच दर्याकाठचा माणूस. त्याचा १९९७ चा ख्मेर अल्बम ईसीएम या रेकॉर्ड कंपनीकडून आला, त्यात ट्रम्पेट, एव्हिन्द ऑर्सेटचं गिटार आणि सॅम्पल्स एकत्र आहेत, आणि २००१ मध्ये त्याच्या गाण्यांचा रीकलर्ड हा रिमिक्स अल्बम आला. त्याचा ट्रम्पेटचा सूर इतका फुंकेचा, श्वासाचा आहे की कोणीही कितीही बीट खाली घातली तरी माणूस ओळखू येतो. माझ्या मते खरी कसोटी हीच, वाजवणारा ओळखू येतो की नाही.

आणि देवगड, एक गोष्ट डोक्यात ठेव. टूरिस्टमधल्या माँटेगो बे स्प्लीन या गाण्यात गिटार वाजवणारा अर्नेस्ट रँग्लिन जमैकाचा आहे, आणि रिमिक्सची मुळं पण बऱ्यापैकी जमैकातच आहेत. ७० च्या दशकात किंग टबीसारखे लोक गाण्याच्या टेपमधून आवाज काढून टाकायचे, ड्रम आणि बेस ठेवायचे, मध्येच आवाजाचा एखादा तुकडा इकोत सोडायचे, आणि ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला व्हर्जन म्हणून यायचं. म्हणजे सुरुवात वाढवण्याने झालेली नाही, काढण्याने झालीय. तूपण आधी काय काढता येतं ते बघ. तुझं रेकॉर्डिंग कसलं आहे ते सांग, ट्रॅक वेगळे आहेत का?

देवगड_कीज

नाही ना, मिक्सरच्या आउटमधून थेट रेकॉर्डरवर घेतलेलं, एकच स्टीरिओ फाइल. आवाज मात्र स्वच्छ आहे. वेंगुर्ल्याच्या पोस्टनंतर पखवाज काढायचा नाही हे पक्कं केलंय. कीबोर्ड आणि बेस मी वाजवेन, बाकी काय करू?

चिपळूण_साउंड

एकच फाइल असेल तर हल्ली आवाज, ताल, बाकी असं वेगळं करणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण भजनावर ती गोंधळतात. पेटी आणि बुवांचा आवाज एकाच पट्टीत चिकटून चाललेले असतात त्यामुळे आवाजाच्या ट्रॅकमध्ये पेटीची सावली राहते, आणि झांजेचा चुरचुर सगळीकडे पसरतो. त्यामुळे पूर्ण वेगळं करायच्या मागे लागू नकोस, जिथे बुवा एकटे आलाप घेतायत, पखवाज थांबलाय, असे मोकळे तुकडे आधी शोधून कापून ठेव, ते सोनं आहे.

लयीचं सांगतो कारण इथेच सगळे फसतात. गजर हळू सुरू होऊन चढत जातो आणि बुवा काही क्लिकवर (मशीनच्या टिकटिकीवर) गात नाहीत. लोक काय करतात तर सॉफ्टवेअरला सांगतात सगळं एका टेंपोवर ताण, आणि मग चढलेली लय सपाट होऊन गजराचा जीवच जातो. उलटं कर, समेसमेवर मार्कर टाक आणि प्रोजेक्टचा टेंपो रेकॉर्डिंगच्या मागे चालव, तुझा बेस आणि कीबोर्ड बुवांच्या मागून धावू देत. वेळखाऊ काम आहे, एकेका आवर्तनाला बसावं लागतं, पण वेंगुर्लेकर म्हणतायत ती मान हलवणं याच कामात वाचतं.

पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावलेली असते, त्याचा जो घुमारा आहे तो खाली बरोब्बर तिथेच बसतो जिथे किक आणि बेस बसतात. दोन्ही ठेवलेस तर चिखल होतो. मी असतो तर किक घातलीच नसती. बेस लांब सुरांचा ठेव आणि पखवाजाचा घुमारा आला की तेवढ्यापुरता बेस आपोआप दबेल असं साइडचेन नावाचं सेटिंग लाव. पट्टीपण तपासून घे, पेटी काळी चारची असली तरी नेमकी कीबोर्डच्या काळी चारला जुळेल असं नाही, जुन्या पेट्या थोड्या वर-खाली असतात. कीबोर्डची फाइन ट्यूनिंग पेटीला जुळव, पेटीला ताणू नकोस.

रत्नांग्रीकर७८

परवानगीचंही बोलून घे आधीच. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही, पण डबलबारीत गवळणीला नाहीतर गजराला सिनेमाच्या चाली सर्रास घेतलेल्या असतात, आणि चालीवर संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. त्यामुळे ऑनलाइन टाकायचं असेल तर पारंपरिक चालीचाच भाग निवड. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्या-गाणाऱ्याचा वेगळा हक्क आहे, ५० वर्षांचा, म्हणजे बुवांचा तर आहेच पण पखवाजवाल्याचा आणि झांजवाल्याचापण आहे. सगळ्यांना विचार, आणि नावं टाकताना पखवाजवाल्याचं नाव बुवांच्या शेजारी टाक, तुझ्या खाली नको.

वेंगुर्ला_बंदर

ह्या बरा सांगितलास. आणि पहिला कट झालो की बुवांका फोनच्या स्पीकरवर ऐकवू नको, पखवाजाची डावी बाजू त्यात येतच नाय, त्यांना वाटेल तूच काढलीस. चांगले हेडफोन घेऊन घरी जा, मूळ रेकॉर्डिंग पण सोबत ने, आणि पखवाजवाल्याक पण थयच बोलव.