पैसे भरून घरच्या घरी बारीक होणं: घ्यावं का?

कर्वेनगर (विचारणारी मी)

परवा माळा आवरताना खोक्यात पाच रंगीत डबे सापडले. सहावा, लाल, गेली तीन वर्षं सासूबाईंच्या मेतकुटाला आहे. नणंदेनं न्यू जर्सीहून येताना आणले होते. ट्वेंटी-वन डे फिक्स नावाचा अमेरिकन कार्यक्रम, २१ दिवसांचा. रोज अर्धा तास व्हिडिओ लावून व्यायाम करायचा आणि जेवण या डब्यांनी मोजायचं. हिरव्यात भाज्या, जांभळ्यात फळं, लालमध्ये प्रथिनं, पिवळ्यात पोळी-भात, निळ्यात सुकामेवा आणि चीज, केशरी एवढासा, त्यात बिया नाहीतर सॅलडवर घालायचं काहीतरी.

पहिल्याच दुपारी घोडं अडलं ते वरणापाशी. यादीत डाळी पिवळ्या डब्यात, भाताच्याच पंगतीला. म्हणजे वरण घेतलं की भात गेला आणि भात घेतला की वरण. पिवळा डबा केवढा, तर अर्ध्या कपाचा. मिसळीचं तर विचारूच नका: मटकी पिवळी, तर्री केशरी आणि फरसाणाला अमेरिकेत जागाच नाही. तरी १८ दिवस रेटलं. दोन किलो गेले. मग गणपती आले आणि तीन किलो परत आले.

आता भाची विचारतेय. वय २९, तिला तीन महिन्यांचा १४,००० रुपयांचा कार्यक्रम घ्यायचाय, व्यायाम अधिक आहार. 'मावशी, घेऊ का?' माझ्याकडे डबे आहेत, उत्तर नाही. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी लिहा. किती भरले, काय मिळालं, किती टिकलं. कंपन्यांची नावं तेवढी नकोत, उगीच भांडणं होतात.

हिंजवडी

मी भरले. पाच महिन्यांचे १८,०००, फोनवरचा प्रशिक्षक, घरी दोन डंबेल आणि एक रबरी पट्टा. ८७ चा ७८ झालो. त्याला दीड वर्ष झालं, आज ८१ आहे. माझ्या मते वसूल.

पण सुरुवातीची गंमत सांगतो. चार्टमध्ये लिहिलं होतं 'तांदूळ ६० ग्रॅम'. मी इंजिनिअर माणूस, ऑनलाइन छोटा काटा मागवला आणि ताटलीत भात ६० ग्रॅम मोजून घ्यायला लागलो. ६० ग्रॅम भात म्हणजे चार घास हो. आई रोज ताटाकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची. दुपारी तीनच्या मीटिंगला मला समोरचे लोक दोन-दोन दिसायचे. बारा दिवसांनी प्रशिक्षकानं ताटाचा फोटो बघून विचारलं, 'सर, तांदूळ कच्चा मोजताय ना?' तेवढाच तांदूळ शिजून दीडशे ग्रॅमच्या वर जातो. त्या रात्री मी जेवलो ते अजून आठवतंय.

आता मुद्दा. त्यानं दिलेल्या चार्टमध्ये नवीन काहीच नव्हतं. दोन अंडी, डाळ, पनीर, भाजी, मोजका भात. हे कुठंही फुकट मिळतं. पण दर सोमवारी सकाळी काट्याचा फोटो टाकायचा असायचा, आणि रविवारी रात्री श्रीखंडाच्या डब्यात चमचा घालताना तो सोमवार आठवायचा. मी पैसे भरले ते त्या सोमवारसाठी. प्रशिक्षक बंद झाला तेव्हा सोमवारही बंद झाला, तीन किलो तिथंच परत आले.

तळजाई

वय ६८. एक रुपया भरला नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मध्ये काही खायचं नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. सहा वर्षं करतोय. पँट ३८ ची ३४ झाली, शिंप्याचेच काय ते पैसे गेले. फुकट आहे म्हणून मुलाला पटत नाही. तो १८,००० वाल्यांपैकी.

लहानपणी टिळक रस्त्यावर महाराष्ट्रीय मंडळात जायचो. १९२४ ची संस्था. तिथं जोर-बैठका काढताना कुणी ताटाचा फोटो मागितला नाही.

हिंजवडी

बाबा, तुम्ही इथंही?

बिबवेवाडी

हे हसण्यावारी नेऊ नका म्हणून लिहितेय. माझ्या मिस्टरांना मधुमेह, ग्लिमेपिराइडची गोळी चालू. त्यांनी ऑफिसातल्या मित्राबरोबर एक कार्यक्रम घेतला. फॉर्मवर 'मधुमेह आहे का?' असा प्रश्न होता, यांनी 'हो' वर खूण केली. त्या खुणेचं पुढं काहीच झालं नाही. दोघांना एकच चार्ट आला, १,२०० कॅलरीचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हात थरथरायला लागले, शर्ट घामानं ओला. साखर ५४. घरात ग्लुकोमीटर होतं आणि साखरेचा डबा हाताशी होता म्हणून निभावलं.

डॉक्टर म्हणाले, ही गोळी तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही, ती साखर उतरवतच राहते. जेवण कमी करायचं तर आधी माझ्याकडे यायचं, गोळी कमी करायची, मग ताट. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर चार्ट फुकटचा असो नाहीतर विकतचा, आधी डॉक्टर.

दीक्षित पद्धतवाल्या काकांनाही हेच सांगेन. तुम्हाला मानवली, सगळ्यांना दोन जेवणं झेपतीलच असं नाही.

वाकड

तिसरा मजला, वन बीएचके, पदरात दोन वर्षांचं पोर. महिना ९९९, सकाळी साडेपाचचा लाइव्ह क्लास. चौथ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. 'अगं, रोज पहाटे वाटण घालतेस का?' जंपिंग जॅक होते ते. मग मी उड्यांच्या जागी पाय बाजूला टाकायला लागले. शिकवणारी पडद्यावरून ओरडायची, 'कम ऑन, जंप!' तिला काय माहीत खाली काकू आहेत. तीस चौकटींत मी एक, तिनं एकदाही माझं नाव घेतलं नाही. दोन महिन्यांत सोडलं. वजन तेवढंच, काकूंशी ओळख मात्र चांगली झाली. पोर हल्ली तासभर त्यांच्याकडे असतं.

सदाशिव पेठ

मी फिजिओथेरपिस्ट. वाकडच्या ताईंच्या खालच्या काकूंचे आभार, त्यांनी एक गुडघा वाचवला असेल.

माझ्याकडे येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक सारखीच असते. पंचेचाळिशीच्या आसपास, वीस वर्षं व्यायाम नाही, मग एकदम सहा दिवस उड्या, त्याही अनवाणी, फरशीवर. तिसऱ्या आठवड्यात टाच नाहीतर गुडघा. व्हिडिओतली बाई तुमच्याकडे बघत नसते, तुमचा गुडघा आत वळतोय हे तिला दिसत नाही. पैसे भरायचेच तर तुम्हाला बघणाऱ्या माणसाला भरा. महिनाभर आठवड्यातून दोनदा कुणी समोर उभं राहून बैठक कशी मारायची ते शिकवलं, की पुढं फुकटचे व्हिडिओ पुरतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाचा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावण्याचा आहे. लोक १५० मिनिटं लक्षात ठेवतात, ते दोन दिवस गाळतात. पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनी सुरू करा, चालेल. पण सहा महिन्यांनीही त्याच बाटल्या असतील तर स्नायूंना काही कळलेलंच नाही.

कोथरूड

सदाशिव पेठेला अनुमोदन. माझं वजन कधी वाढलंच नव्हतं. ५४ किलो, सगळे म्हणायचे तुला काय गरज. तिशीत तपासणी केली तर साखर काठावर, कंबर ८६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. डॉक्टरांनी एक फोटो दाखवला. आपल्याच रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघं शेजारी शेजारी. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. मी त्यातली दुसरी.

मग मी ताकदीचा, वजनं उचलण्याचा कार्यक्रम घेतला, चार महिन्यांचे ८,०००. काटा हलला नाही. ५४ चे ५४. त्यांच्या जाहिरातीत मला कधीच घेणार नाहीत. कंबर ८१ झाली, साखर उतरली, आणि गॅसचा सिलेंडर मी एकटी सरकवते.

औंध

माझा अनुभव व्यायामाचा नाही, बँकेचा आहे. महिना ७९९. एक महिना केलं, ॲप फोनवरून काढून टाकलं आणि समजलो की संपलं. सात महिने पैसे जात होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवावं लागतं. कळवत होतेही. मीच कर्जाच्या जाहिरातींबरोबर तो मेसेज पुसत होतो. १५,००० पर्यंतच्या अशा हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, हे तेव्हा कळलं. यूपीआयवरून भरले असतील तर त्याच ॲपमध्ये ऑटोपे म्हणून भाग असतो, तिथं जाऊन मंजुरी रद्द करा. नुसतं ॲप काढून काही होत नाही.

बाणेर

सगळे विकत घेणारे लिहिताहेत, मी विकायचे. मला 'वेलनेस कोच' म्हणत. शिक्षण बी.कॉम., प्रशिक्षण दोन शनिवार झूमवर. व्यायामाचा क्लास फुकट होता, कारण कमिशन पावडरच्या डब्यावर होतं. सकाळच्या नाश्त्याऐवजी शेक आणि रात्रीच्या जेवणाऐवजी शेक. दोन वेळचं जेवण गेल्यावर वजन उतरणारच, त्यात पावडरीची काय मर्दुमकी? आणि लोक पुन्हा पोहे खायला लागले की पुन्हा चढायचं, मग पुन्हा डबा.

फोटो कसे काढायचे ते शिकवलं होतं. 'आधी'चा दुपारी जेवून, पोट सैल सोडून, समोरून उजेड, केस बांधलेले. 'नंतर'चा सकाळी अनशापोटी, काळा टीशर्ट, थोडं तिरकं उभं राहून, दिवा वरून. माझे स्वतःचे आधी आणि नंतर एकाच रविवारचे आहेत. बावीस जणींनी तो फोटो बघून डबे घेतले. त्यातल्या दोघी माझ्याच सोसायटीतल्या, लिफ्टमध्ये भेटतात.

धायरी

वरचं सगळं वाचलं. ज्ञान फुकट आहे, मान्य. तळजाईच्या काकांना चालायला तळजाईची टेकडी आहे आणि परत आल्यावर चहाही तयार असेल. माझ्या घरात सहा माणसं. मी दोन वर्षं फुकटचे व्हिडिओ लावून बघितले. चटई अंथरली की 'अगं, जरा गॅस बारीक कर'. बैठकीला वाकले की 'माझे मोजे कुठंयत'. शवासनात पडले तर सासरे विचारायचे, 'बरं नाही का?' एकदा सूर्यनमस्काराच्या मध्ये मी कणीक मळून आले होते. सहावा घातला, मळली, सातवा घातला.

मग भावानं भाऊबीजेला तीन महिन्यांचे ६,००० भरून दिले. संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात, कॅमेरा चालू. पहिल्या दिवशी दिरांनी दार ढकललं. मी काही बोलायच्या आत बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, 'तिचा क्लास चालू आहे, पैसे भरलेत त्याचे.' दार बंद झालं. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्यासाठी या घरातलं दार बंद झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

वजन अडीच किलोच उतरलं. त्यांचा आहाराचा कागद मी पाळलाही नाही, सहा जणांत एकटीचं वेगळं कोण करणार? फक्त माझं ताट मी आधी वाढून घेते आता, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं संपवत नाही. उरलेल्या दोन पोळ्या आणि पातेल्याच्या तळाची भाजी, हे माझं चौथं जेवण होतं, ते मला क्लास सुरू झाल्यावर कळलं. तीन महिने झाल्यावर मी स्वतःच्या पैशांनी पुढचे भरले. ६,००० मध्ये पाऊण तासाची खोली मिळते धायरीत, महाग नाही.

हिंजवडी

धायरीच्या ताई, हे बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मोजे मीच शोधले.

कर्वेनगर (विचारणारी मी)

सगळ्यांचं भाचीला जसंच्या तसं पाठवलं. बाणेरच्या ताईंमुळे तिनं १४,००० वाल्यांना प्रशिक्षकाचं शिक्षण काय म्हणून विचारलंय. दोन दिवस झाले, तिकडून फक्त सवलतीचे मेसेज येताहेत. आता ११,००० वर आलेत.

मी मधल्या काळात एक उद्योग केला. आमची रोजची आमटीची वाटी पाण्यानं भरून मेतकुटाच्या लाल डब्यात ओतली. बरोब्बर काठोकाठ. सासूबाई बघत होत्या. मेतकूट कागदावर काढून ठेवायला लावलं म्हणून आधीच रागावलेल्या. म्हणाल्या, 'वाटी घरात होतीच की गं.'

भाचीचा निरोप आत्ता आला: 'मावशी, त्या धायरीच्या ताईंचा क्लास कुठला?' नावं नकोत असं मीच म्हटलं होतं. तर ताई, जमलं तर मला वेगळं कळवा.